कच्च्या चिठ्ठीवरचे यंत्र

रॅमच्या पट्टीवर आठ काळ्या चिपा आहेत आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरांत ९८४३ हा आकडा छापलेला आहे. परवा भिंग धरून तो पुन्हा एकदा वाचून घेतला. इलेक्ट्रॉनिक भागांवर अशी चार आकड्यांची खूण बहुधा असते. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे या चिपा १९९८ सालच्या त्रेचाळिसाव्या आठवड्यातल्या. ऑक्टोबरातले ते दिवस, आणि त्या वर्षीची दिवाळीही त्याच सुमारास होती. पुढे सहा महिन्यांनी मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा गावी, कारवीच्या कुडाच्या घरात, ही पट्टी मी माझ्या हाताने मदरबोर्डात बसवली.

या आकड्याचे मला एवढे अप्रूप का, तर माझ्या संगणकाचा दुसरा लेखी पुरावा म्हणजे एक चिठ्ठी. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे बॉलपेनने लिहिलेली: बोर्ड, प्रोसेसर, रॅम ३२, हार्ड डिस्क ४.३, फ्लॉपी, साउंड कार्ड, कॅबिनेट. खाली बेरीज. दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, विक्रीकराचा क्रमांक तर नाहीच. इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला अशी चिठ्ठी फार छळते. संस्थानी काळातला कारकूनसुद्धा कागदावर तिथी घालत असे.

भारतातल्या संगणकाचा इतिहास लिहिला गेला आहे, नाही असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला आणि १९६० साली पूर्णपणे सुरू झालेला टिफ्रॅक त्यात येतो. १९७८ साली आयबीएमने देश सोडला ते येते, १९८४चे राजीव गांधी सरकारचे संगणक धोरण येते, पुण्याच्या सी-डॅकचा १९९१चा परम ८००० येतो. हे सगळे यायलाच हवे. पण जव्हार-मोखाड्याच्या बाजूला झेरॉक्सच्या टपरीत, टायपिंगच्या क्लासात आणि घराच्या ओटीवर जे यंत्र मी प्रथम पाहिले, ते यांपैकी कुठूनही आलेले नव्हते. ते सुटे भाग जोडून केलेले, ज्याला आपण सरळ ‘असेंबल्ड’ म्हणतो, ते होते. त्याला कंपनी नव्हती, म्हणून त्याला इतिहासही मिळाला नाही.

खरे तर घरी जोडणे ही या यंत्राच्या जातीतलीच गोष्ट आहे. जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला, तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपात टपालाने मिळत असे आणि डाग देत बसायचे काम गिऱ्हाइकाचे. पुढच्याच वर्षी आलेला पहिला ॲपल म्हणजे नुसता जोडलेला बोर्ड होता. पेटी, कळफलक, वीजपुरवठा ज्याचा त्याने पाहायचा. पण आपल्या गोष्टीत निर्णायक ठरले ते १९८१ साल. आयबीएमला आपला पीसी घाईने बाजारात आणायचा होता, म्हणून तिने बहुतेक भाग बाहेरून घेतले आणि त्यांची तांत्रिक माहिती पुस्तक काढून छापली. स्वतःची अशी एकच किल्ली राहिली, बायॉस नावाचा सुरुवातीचा प्रोग्रॅम. कॉम्पॅकने आणि मागोमाग इतरांनी तसाच चालणारा, पण स्वतंत्रपणे लिहिलेला बायॉस केला आणि कुलूप उघडले. मग तैवानातले बोर्ड, अमेरिकेतले प्रोसेसर, कोरियातली मेमरी कुठेही नेऊन एकमेकांत बसवता येऊ लागली. कुठेही म्हणजे पोशेऱ्यातसुद्धा.

मुंबईत या व्यापाराची जागा म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव कागदोपत्री जाऊन तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी भाग आणायला जाणारा माणूस अजून ‘लॅमिंग्टनला’च जातो. रेडिओच्या सुट्या भागांसाठी तो आधीपासून माहीत होता. संगणकाचे भाग त्याच फळ्यांवर येऊन बसले. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीचेही तेच. मला वाटते, आपल्याकडे संगणक रेडिओवाल्यांच्या मांडीवर वाढला. मीही तसाच शिकलो: आधी ट्रान्झिस्टर, मग टेप, मग हे.

१९९९च्या एप्रिलात मी खोडाळा, विहीगाव करत जीपने कसाऱ्याला गेलो, तिथून लोकलने दादर आणि गाडी बदलून ग्रँट रोड. ब्रँडेड संगणक माझ्या आवाक्याबाहेर होता. भाग पंचवीस हजारांच्या आत बसले. चौदा इंची मॉनिटर मात्र नंतर नाशिकहून आणला, त्र्यंबकेश्वरमार्गे एसटीने, मांडीवर घेऊन. घाटातल्या प्रत्येक वळणाला कंडक्टर माझ्याकडे बघत होता.

दुकानदाराने दिलेली विद्या एका वाक्याची होती: “काले के साथ काला.” त्या काळच्या एटी पद्धतीच्या वीजपुरवठ्यातून मदरबोर्डासाठी दोन वेगळे जोड निघत. ते शेजारीशेजारी बसत आणि उलटेही बसू शकत. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या तर यंत्र चाले. चुकले तर बोर्ड जळे. प्रोसेसर एएमडीचा के६-२ होता. त्याला २.२ व्होल्ट हवेत, ते बोर्डावरच्या इवल्याशा जंपरांनी ठरवायचे. हार्ड डिस्कच्या चपट्या पट्टीची लाल कड एक नंबरच्या टाचणीकडे. हे कोणत्याही मराठी पुस्तकात मला मिळाले नव्हते. एकाने दुसऱ्याला तोंडी सांगायचे, असेच ते ज्ञान फिरत होते.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पडदा काळाच राहिला आणि लांब लांब शिट्ट्या येऊ लागल्या. रॅम नीट लागली नव्हती. पट्टी काढली, तिचे सोनेरी दात मुलीच्या खोडरबरने घासले आणि दोन्ही खिट्ट्या टक्क वाजेपर्यंत दाबली. मग एकच छोटी शिट्टी. त्याआधी परसात खड्डा खणून मीठ-कोळसा भरून अर्थिंग केले होते; उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी घालावे लागे. आई म्हणे, तुळशीला राहू दे, आधी त्या तुझ्या संगणकाला घाल.

हा सगळा खटाटोप एका साउंड कार्डासाठी होता. गावातल्या आणि पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मी कॅसेटवर टिपत होतो. त्यात एक आजी होती. पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपली की सावकाराकडून खावटी कशी आणायची आणि सुगीला ती कशी फेडायची, हे ती माप हातात धरल्यासारखे सांगे. कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी लागू लागली. टेपची तार कार्डाच्या भोकात खुपसून ते आवाज मी डिस्कवर उतरवले. आजी २००१ साली गेली; तिच्या कॅसेटी त्याच्या पुढच्या पावसात वाया गेल्या.

जून २००४मध्ये वीज पडली. वीजपुरवठ्याची पिन मी काढून ठेवली होती, टेलिफोनची तार मोडेमला तशीच राहिली. चूक माझीच. मोडेम काळा पडला, बोर्ड मेला. पण यंत्र सुट्या भागांचे होते. हार्ड डिस्क काढली, तिचा जंपर ‘स्लेव्ह’वर केला, पंचात गुंडाळून मोखाड्याला एका मित्राच्या संगणकाला लावली. आजीचा आवाज होता. तो ऐकून मी चहा न घेताच घरी आलो, याचा त्या मित्राला अजून राग आहे.

त्यानंतर माझे यंत्र इतक्यांदा बदलले की मूळचे काय उरले ते खुणांवरूनच कळते. आणि इथे मला एक पद्धत सापडली, ती जुन्या नाण्यांच्या अभ्यासकांची आहे. मडक्यात सापडलेल्या नाण्यांपैकी सर्वांत अलीकडचे नाणे जे सांगते, त्याच्या आधी ते मडके पुरलेले नसते. संगणकाचेही तेच: पेटीतल्या सर्वांत ताज्या भागाची खूण म्हणजे ज्याच्या आधी जोडणी झालेली नसते ती हद्द. माझ्या पहिल्या यंत्रात तो आकडा ९९०६ आहे, म्हणजे फेब्रुवारी १९९९. आणि मी ते एप्रिलात जोडले. कारखान्यातून घरापर्यंत दोन महिने. अट एकच, नंतर बदललेला भाग ओळखता आला पाहिजे. त्याची धूळ वेगळी असते, स्क्रू वेगळे असतात, कधी स्क्रूच्या जागी तार असते. या तारा मला चिपांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात, कारण त्या तैवानहून आलेल्या नाहीत.

जव्हारला एक भंगारवाला आहे, तो बोर्ड किलोवर घेतो. माझे येणे त्याला आता सवयीचे झाले आहे. नवा माल आला की निरोप देतो आणि वजन करण्याआधी मला तासभर बसू देतो. गेल्या खेपेला एका पेटीच्या आतल्या पत्र्यावर मार्करने लिहिलेले आढळले: ‘ह्याला हात लावू नये, पंखा आवाज करतो पण चालू आहे.’ खाली तारीख होती, २३-८-२००२. सही नव्हती. पत्र्याचा फोटो काढला, बोर्डावरचे आकडे वहीत उतरवले आणि पेटी काट्यावर ठेवायला परत दिली.