तेंदूपत्ता सोडणारं गाव

आज आपण चंद्रपूर जिल्ह्यात जाऊ, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला. गाव लहान, वस्ती मुख्यतः गोंडांची, पोट जंगलावर आणि मजुरीवर.

जंगल दाराशी असलं तरी १९२७ च्या वन कायद्यानुसार त्यातल्या बांबूवर हक्क सरकारचा. घरचं कुंपण करायला काठी आणली तरी चोरीचा ठपका यायचा. २००६ साली वनहक्क कायदा झाला. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. पाचगावला तो २०१२ मध्ये मिळाला, सुमारे १००६ हेक्टर जंगलावर.

हक्क आला तशी राखणही अंगावर आली. गावकरी पाळीपाळीने गस्त घालू लागले. जंगलात कुणाचा पगारी पहारा नाही, आपलाच माणूस आपल्याच पायवाटेवर. बांबू ग्रामसभा स्वतः तोडते, स्वतः विकते.

पण आम्हाला सगळ्यात जास्त अडवतो तो तेंदूपत्त्याचा निर्णय. विदर्भातल्या बायांना हे सांगायला नको. भर उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, रोख पैसा देणारं हे एकच काम. पहाटे निघायचं, पानं आणायची, दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसायचं. त्या पैशावर पावसाळ्याचं बी-भरण होतं. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू तोडणंच थांबवलं!

का, तर कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात आणि जंगलाला आग लावतात. त्या आगीत पाचोळा जातो, रोपटी जातात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी जातात. छाटलेल्या तेंदूला फळही धरत नाही. आता झाडं वाढतात, टेंभरं लागतात. ती माणसं खातात, अस्वलं खातात, पाखरं खातात. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिलं आहे.

एवढ्यावर गाव थांबलं नाही. आपल्या जंगलातला सुमारे ३४ हेक्टरचा चांगला तुकडा त्यांनी वन्यजीवांसाठी राखून ठेवला. सरकारने सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून. अभयारण्य म्हटलं की गावं उठवायची, हेच आपण ऐकत आलो. इथे गावानेच जागा सोडली.

बांबूचा पैसा हाताशी होता म्हणून हे जमलं, हेही खरं. ज्या गावाला बांबू नाही, तिथल्या बाईला तेंदू सोड म्हणणं आमच्या जिभेवर येत नाही. आमच्या गटात यावरून वाद झाला. एकीचं म्हणणं, पत्ता तोडा पण आग लावू नका. दुसरी म्हणाली, छाटायचं सोडून निवडक झाडांचीच पानं घ्या. तिसरीने विचारलं, ठेकेदार तशी पानं घेईल का?

तुमच्या गावात काय होतं, ते आम्हाला कळवा.