कॉरोनर : मुकुटाचा राखणदार

मुंबई शहरांत १९९९ सालापर्यंत कॉरोनर नांवाचा एक अधिकारी असे. अपघातानें, विषानें किंवा संशयास्पद रीतीनें कोणी मेलें, कीं त्या मृत्यूचें कारण ठरविणें हें त्याचें काम. त्यामुळें कॉरोनर म्हणजे प्रेतांचा न्यायाधीश, अशीच समजूत रूढ झाली. शब्दाच्या मूळ अर्थांत मात्र प्रेताचा मागमूसहि नाहीं. लॅटिन भाषेंत 'कोरोना' म्हणजे मुकुट. आणि कॉरोनर म्हणजे मुकुटाच्या, अर्थात् राजाच्या, हक्काचे दावे राखणारा.

धर्मयुद्धाहून परतणारा इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ च्या डिसेंबरांत ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या हातीं सांपडला. पुढें सम्राट सहाव्या हेन्रीनें त्याच्या सुटकेसाठीं दीड लक्ष मार्क चांदी मागितली. ती उभी करतां करतां प्रजा व तिजोरी दोन्ही पिळून निघालीं. राजा ११९४ मध्यें सुटून आला. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत, प्रत्येक परगण्यांत तीन नाइट व एक धर्मोपदेशक यांस या राखणदारीसाठीं निवडावें, असा हुकूम सुटला. परगण्याच्या शेरीफवर वचक बसावा, हाहि त्यांत एक हेतु होता.

पण मुडद्यांत राजाला उत्पन्न तें कसलें? उत्पन्न होतें, आणि तें थोडें नव्हे. १०६६ मध्यें इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनीं आपल्या माणसांच्या रक्षणासाठीं एक दंड बसविला होता. खुनी सांपडला नाहीं, आणि मेलेला मनुष्य इंग्रज होता असें सिद्ध करतां आलें नाहीं, तर तो नॉर्मनच समजून साऱ्या मुलखाकडून दंड वसूल होई. आत्महत्या करणाराची चीजवस्तु राजाकडे जाई. ज्या गाडीखालीं कोणी चिरडला, ती गाडी किंवा तिची किंमतहि सरकारजमा होई. या शेवटल्या प्रकारास 'डिओडँड', म्हणजे देवाला द्यावयाची वस्तु, म्हणत. लॅटिन 'डिओ' आणि आपला 'देव' हे एकाच कुळांतले. देवाचें नांव पुढें करून राजानें घ्यावें, ही रीतहि कांहीं अनोळखी नव्हे!

मृताविषयींचा कळवळा यांत शोधणें व्यर्थ आहे. तथापि दंड बुडूं नये म्हणून कॉरोनरला प्रेत स्वतः पाहावें लागे, आसपासच्या गांवकऱ्यांची साक्ष घ्यावी लागे, जखमेची लांबी-खोली दप्तरांत नोंदवावी लागे. गरीब शेतमजुराच्या मरणाचीहि अशी लेखी चौकशी होऊं लागली, ती या लोभाच्या पोटीं. मॅग्ना कार्टानें १२१५ मध्यें मुकुटाचे दावे चालविण्याची कॉरोनरास मनाई केली; नोंद व चौकशी मात्र त्याच्याकडेच राहिली.

नॉर्मन दंड १३४० मध्यें गेला. डिओडँड आगगाडीपर्यंत टिकला. रेल्वेच्या अपघातांत पंच मोठमोठ्या रकमा ठरवूं लागले, तेव्हां १८४६ मध्यें तोहि रद्द झाला. आत्महत्या करणाराची मालमत्ता जप्त करणें १८७० मध्यें थांबलें, आणि मृत्यूचें कारण शोधणें हेंच कॉरोनरचें मुख्य काम उरलें.

राजाच्या त्या जुन्या हक्कांपैकीं एक मात्र अद्याप त्याच्याकडे आहे. इंग्लंडांत शेत नांगरतांना कोणास पुरलेलें सोनें-रुपें सांपडलें, तर त्यानें चौदा दिवसांच्या आंत कॉरोनरला वर्दी द्यावी, असा १९९६ चा कायदा आहे.