समांतर संगणनातील लायब्ररी-संघर्ष : एक ऐतिहासिक विचार

मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची, तर मद्रासेकडील खंडी ५०० पौंडांची असे. नाव एक, माप निराळे. म्हणून भाव ठरविण्यापूर्वी खंडी कोठली, हे विचारणे व्यापाऱ्यास भाग पडे. १९५६ च्या वजन-माप कायद्याने हा घोळ मिटविण्याची वाट मोकळी केली. लिनक्सवर समांतर संगणनाची प्रणाली बसविताना लायब्ररींमध्ये जो संघर्ष उद्भवतो, त्याचे मूळही अशाच प्रकारचे आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा संगणक अनेक ट्रान्सप्युटरांनी मिळून काम करीत असे. त्या काळी प्रत्येक यंत्राची संदेश देण्या-घेण्याची रीत वेगळी असल्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालविणे कष्टाचे होते. १९९४ साली एमपीआय हे प्रमाणक प्रसिद्ध झाले व ही अडचण बव्हंशी दूर झाली.

तथापि या प्रमाणकाने आज्ञांची नावे व त्यांचे अर्थ तेवढे ठरविले. त्या यंत्रभाषेत कोणत्या रूपाने उतराव्यात, हे ठरविले नाही. परिणामी प्रक्रियासमूह दर्शविणारी राशी एमपिचमध्ये पूर्णांक राहिली, तर २००४ मध्ये पुढे आलेल्या ओपन एमपीआयमध्ये ती स्मृतीतील पत्ता झाली. मूळ प्रोग्राम दोन्हींकडे चालतो. परंतु एकीवर बांधलेला तयार प्रोग्राम दुसरीवर चालत नाही.

जळगाव वा धुळे येथे बांधलेला प्रोग्राम पुण्याच्या मोठ्या यंत्रावर नेणाऱ्या संशोधकास या भेदाचा अनुभव दोन प्रकारे येऊ शकतो. अपेक्षित लायब्ररी न सापडल्यास प्रोग्राम प्रारंभीच थांबतो. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. दुसरा अधिक घातक होय. प्रोग्राम एका एमपीआयचा आणि त्यास चालना देणारी ‘एमपीआयरन’ आज्ञा दुसऱ्याची, असे झाले म्हणजे चार प्रक्रियांपैकी प्रत्येक आपणास शून्य क्रमांकाची व एकटीच समजते. दोष दर्शविणारा संदेश उमटत नाही. एकच गणित चार वेळा होते, आणि यंत्राचा वेळ व्यर्थ जातो.

निदानाचा मार्ग याच इतिहासातून निघतो. प्रथम ‘एलडीडी’ या आज्ञेने प्रोग्राम कोणती लायब्ररी घेतो ते पाहावे. नंतर संकलक व ‘एमपीआयरन’ हे दोन्ही त्याच संचातील आहेत काय, ते तपासावे. लायब्ररी शोधण्याचा मार्ग दर्शविणाऱ्या चलात नवी नावे अविचाराने भरीत जाऊ नये, कारण तेथे जे प्रथम सापडते तेच सामान्यतः स्वीकारले जाते. १९९१ पासून प्रचारात आलेली ‘मोड्यूल्स’ ही योजना एका वेळी एकच संच पुढे ठेवते, हे तिचे महत्त्व. शंका राहिल्यास मूळ प्रोग्राम त्याच यंत्रावर नव्याने बांधावा.

२०१३ मध्ये एमपिच व तिच्यापासून निघालेल्या काही प्रणालींच्या कर्त्यांनी परस्पर-अनुरूपता मान्य केली. जून २०२५ मधील एमपीआयच्या पाचव्या आवृत्तीने यंत्ररूपही प्रमाणित केले. परंतु कायदा झाला म्हणून जुनी मापे एका दिवसात बाजारातून गेली नाहीत. जुन्या लायब्ररी यंत्रांवर आहेत तोवर ‘खंडी कोठली?’ हा प्रश्न संशोधकाने प्रथम विचारलाच पाहिजे.