खाणपाणी (सिंधुदुर्ग)

उघड्या खाणीच्या खड्ड्यात साचणारे अथवा उपसून बाहेर सोडलेले गाळमिश्रित पाणी. लोहखनिजासाठी जांभ्याखाली खोदताना खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला, की झरे फुटतात. कोकणातील पावसाळा हा खड्डा भरून टाकतो. तांबडा गाळ ओहोळांत, भातखाचरांत व पोफळीच्या बागांत बसतो. सततच्या उपशाने विहिरी आटू शकतात. कळणे (ता. दोडामार्ग) येथे २९ जुलै २०२१ रोजी खाणीचा बांध फुटून चिखलपाणी घरांत व बागायतीत शिरले. जलदाबाने खडक फोडून वायू काढताना निघणारे सांडपाणी (पहा : शेल वायू) या खाणपाण्याहून घातक, त्यात क्षार, रसायने, प्रसंगी रेडियमही असते. नैतिक प्रश्न दोन्हीकडे सारखाच : खनिजाचा नफा एकाला, पाण्याची झळ खालच्या अंगाच्या गावाला. (पहा : गाडगीळ समिती; धामापूर तलाव).