कुंडीत बसून जग फिरलेला साप

आजची गोष्ट आहे तिकीट न काढता अर्धं जग फिरलेल्या एका प्रवाशाची. नाव त्याचं वाळा.

पावसाळ्यात बाथरूमच्या जाळीतून गांडुळासारखं काळं, चकचकीत काहीतरी येतं ना? ते इवलीशी जीभ बाहेर काढत असेल, तर तो वाळा साप. लांबी जेमतेम वीतभर, डोळे म्हणजे दोन ठिपके, माणसाला धोका शून्य. मातीत राहतो आणि मुंग्या-वाळवीची अंडी, अळ्या खातो.

पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरने १७९६ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या सापांचं पुस्तक छापलं, त्यात हा आहे. मूळचा तो दक्षिण आशियातलाच मानतात. मग फ्लोरिडा, मेक्सिको, ऑस्ट्रेलियात कसा पोचला?

झालं असं, की पूर्वी जहाजावर रोपं खाऱ्या वाऱ्याने मरायची. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला कळलं, की बंद काचेत रोप टिकतं. १८३३ मध्ये त्याच्या काचपेट्या थेट सिडनीला गेल्या. जिवंत रोपांचा व्यापार वाढला. रोपासोबत माती आली, आणि मातीत कोण बसलंय हे कोण बघणार?

एकटा जीव परक्या देशात पोचला, तर सहसा वंश तिथेच संपतो. वाळ्याचं तसं नाही. नाव पुल्लिंगी, पण जात सगळी माद्यांची! नराशिवाय अंडी, पिल्लं आईची कॉपी-पेस्ट. म्हणजे एक कुंडी, एक मादी, बास.

हवाई बेटांवर जमिनीवरचा मूळचा साप एकही नाही. तिथे १९३० च्या सुमारास फिलिपिन्सहून आलेल्या झाडांच्या मातीतून वाळा उतरला. फार नुकसान दिसलं नाही. पण दार उघडंच राहिलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी नर्सरीच्या रोपांसोबत पोर्तो रिकोचा कोकी बेडूक आला. त्याच्या अंड्यातून थेट छोटा बेडूकच निघतो, त्यामुळे डबकंही लागत नाही, ओली कुंडी पुरते. जवळून त्याचा आवाज ९० डेसिबलपर्यंत जातो. रात्रीची झोप गेली, आणि सगळ्यात मोठ्या बेटावरून त्याला हाकलणं आता जवळपास अशक्य आहे.

म्हणून अनेक देश रोपाच्या मुळांची माती धुतल्याशिवाय ते आत घेत नाहीत. आपणही नवीन रोप आणलं, की काही दिवस बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवावं.

आणि बाथरूममध्ये वाळा दिसला तर मारू नका. कागदावर घ्या, बागेत सोडा. इथे तो पाहुणा नाही, घरचाच आहे. भेटू पुढच्या भागात!