दारं उघडून काढलेली वादळं

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यापुढे वाळूच्या अरुंद बेटांची लांबलचक रांग आहे. तिला आऊटर बँक्स म्हणतात. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. इथली जुनी माणसं घरातच बसून हरिकेन काढायची आणि त्या रात्री हाताशी कुऱ्हाड ठेवायची. पाणी उंबऱ्याला लागलं की पुढचं-मागचं दार सताड उघडायचं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पायाखालच्या फळ्यांना भोक पाडायचं. परक्याला हा वेडेपणा वाटेल. पण घरं लाकडी, हलकी. खालून पाणी चढलं की ती पायावरून उचलली जाऊन तरंगत निघायची. पाणी आत घेतलं की घर जागच्या जागी राही. काही घरांत तर फळ्यांमध्ये त्यासाठीच झडप ठेवलेली असे. मग पोरंबाळं, पिठाचा डबा, गोधड्या घेऊन सगळं कुटुंब माळ्यावर.

आणि घोडे? ते बहुतेक बाहेरच असायचे. बुटके, दणकट, स्पॅनिश वंशाचे हे घोडे बेटांवर मोकळे चरत. वर्षातून एकदा ते कोंडवाड्यात गोळा करायचे, शिंगरांवर मालकाची खूण डागायची, कामाला लागतील तेवढे ठेवून बाकीचे पुन्हा सोडून द्यायचे. तबेला ही चीज फारशी कुणाकडे नव्हती. वाळूत गाडी ओढायला, जाळी वाहायला आणि गस्त घालायला मात्र घोड्यावाचून चालत नसे.

वादळ बेटावरच राहून काढायच्या या रीतीची मोठी परीक्षा ऑगस्ट 1899 मध्ये झाली. 8 तारखेला, संत सिरियाकोच्या सणादिवशी, एक हरिकेन पोर्तो रिकोवर आदळलं. तिथे तीन हजारांहून अधिक माणसं गेली आणि वादळाला संताचंच नाव चिकटलं: सान सिरियाको. 17 तारखेला ते आऊटर बँक्सच्या हॅटरास बेटावर येऊन ठेपलं. बेटावर तीन ते दहा फूट पाणी चढलं आणि हवामान खात्याचं वारा मोजायचं यंत्रच उडून गेलं.

त्या रात्री याच बेटावरच्या गल शोल इथल्या जीवरक्षक ठाण्यावरचा रासमस मिजेट घोड्यावर बसून गस्तीला निघाला. लाटा बेटावरून आरपार जात होत्या आणि पाणी घोड्याच्या तंगाला लागत होतं. पहाटे तीनच्या सुमाराला अंधारातून ओरडण्याचा आवाज आला. बाल्टिमोरहून रिओ द जानिरोला निघालेलं 'प्रिसिला' हे जहाज किनाऱ्यालगत फुटलं होतं. कप्तानाची बायको आधीच वाहून गेली होती. ठाणं काही मैल मागे. परत जाऊन माणसं आणावीत तर तोवर इथे कुणी उरणार नव्हतं. मिजेट एकटाच पाण्यात उतरला. लाट ओसरली की एकेकाला उडी मारायला सांगायचं आणि पुढची लाट यायच्या आत ओढून वर आणायचं, असे सात जण काढले. उरलेल्या तिघांच्या अंगात उडी मारायचंही त्राण नव्हतं, त्यांना त्याने पाठुंगळी वाहून आणलं. दहा जीव वाचवल्याबद्दल त्याला सुवर्णपदक मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. पण तसल्या पाण्यात, तसल्या वाऱ्यात त्याला तिथवर नेणाऱ्या घोड्यालाही विसरून चालणार नाही.

दक्षिणेकडे शॅकलफोर्ड बँक्स हे जेमतेम नऊ मैल लांबीचं बेट. केप लुकआऊटच्या दीपस्तंभावरच्या काळ्यापांढऱ्या चौकटींवरून तिथल्या गावाला डायमंड सिटी म्हणत. सिटी कसली, पाचेकशे माणसांची वस्ती. हे लोक किनाऱ्यावरून होड्या घालून देवमासे मारायचे आणि मारलेल्या देवमाशाला नावंही द्यायचे. 'मेफ्लॉवर' नावाच्या एकाचा सांगाडा रॅलेच्या संग्रहालयात आहे. वादळं त्यांना नवी नव्हती. सान सिरियाकोतही घरं बरीचशी टिकली. पण परसबागांत खारं पाणी बसलं, विहिरी बिघडल्या, गाईमेंढ्या बुडाल्या. सगळ्यात वाईट म्हणजे दफनभूमी उकरली गेली आणि शवपेट्या उघड्या पडल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस दुसरं वादळ आलं.

त्यानंतर गावाने निर्णय घेतला तो एकदाच. घरं सुटी केली, तुकडे केले, दोन होड्या शेजारी बांधून त्यांवर चढवले आणि खाडीपलीकडे हार्कर्स आयलंडला, मोरहेड सिटीला नेऊन पुन्हा उभे केले. मोरहेड सिटीतल्या त्या वस्तीला 'प्रॉमिस लँड' असं नाव पडलं. 1902 पर्यंत डायमंड सिटीत कुणी उरलं नाही. घरं गेली, घोडे राहिले.

घोडे तिथे कसे टिकले याचं उत्तर बेटावरच्या रानात आहे. वारा वाढला की कळप किनारा सोडून टेकाडांवरच्या ओकच्या रानात शिरतात, एकमेकांना खेटून उभे राहतात, वाऱ्याकडे पाठ आणि मान खाली. गोड्या पाण्यासाठी खुरांनी वाळू उकरतात. त्यांच्या रक्ताच्या तपासणीत जुन्या स्पॅनिश घोड्यांची खूण सापडली आहे, म्हणजे अशी कित्येक वादळं त्यांच्या वंशाने पचवली असणार. खरा घाला आला तो वादळाचा नव्हे. 1996 मध्ये इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या रोगाच्या तपासणीत 76 घोडे बाधित आढळले आणि त्यांना मारून टाकण्यात आलं. हार्कर्स आयलंडवर, म्हणजे डायमंड सिटीवाल्यांच्या नातवंडा-पतवंडांत, मोठा संताप झाला. त्यातूनच 1998 मध्ये शॅकलफोर्डचा कळप राखणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आला.

मोकळं सोडलं की घोडा वाचतोच, असं मात्र नाही. 2019 च्या सप्टेंबरात डोरियन वादळाने खाडीतलं पाणी एका बाजूला रेटलं आणि वाऱ्याने दिशा बदलताच ते भिंतीसारखं परत आलं. त्याच किनाऱ्यावरच्या सीडर आयलंडवर 28 रानघोडे बुडाले. तिथे चढायला टेकाडच नव्हतं.

मुख्य भूमीवर, खोगिराच्या आणि पाळीव घोड्यांच्या मालकांपुढे आजही तोच प्रश्न असतो: तबेल्यात कोंडायचं की माळावर सोडायचं? पशुवैद्यांचा कल बहुधा असा, की तबेला पक्का नसेल तर उंच, मोकळ्या माळावर सोडा. आसपास विजेच्या तारा, काटेरी कुंपण, पडाऊ झाडं नकोत. पडलेल्या छपराखाली सापडण्यापेक्षा ते बरं. पाण्याची टाकी मात्र आधी भरून ठेवा, कारण एक घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो आणि वादळानंतर वीज नाही म्हणजे पंपही नाही. घोड्याच्या अंगावर न पुसणाऱ्या रंगाने फोन नंबर लिहायचा, आयाळीत पत्त्याचा बिल्ला गुंफायचा.

सरकारवर फार विसंबून चालत नाही. 2005 च्या कतरिना वादळात कुत्र्यामांजरांपायी कित्येकांनी घर सोडायला नकार दिला, म्हणून पुढच्या वर्षी पाळीव प्राण्यांच्या स्थलांतराचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या व्याख्येत कुत्रा, मांजर, पक्षी, ससा, कासवही बसतं. घोडा शेतीच्या जनावरांत मोडतो, म्हणून बाहेर. त्याची व्यवस्था मालकाने नाहीतर राज्याने पाहायची. लुइझियानात ती थोडी आधीच झालेली होती. त्या राज्यात 1990 च्या दशकापासून प्रत्येक घोड्याला मायक्रोचिप किंवा तसली कायमची खूण सक्तीची होती, आणि त्यामुळे कतरिनाच्या पुरातून काढलेले जवळजवळ सगळे घोडे आपापल्या मालकांकडे पोचले. सक्ती वादळासाठी नव्हती. शॅकलफोर्डच्या 76 घोड्यांचा जीव घेणाऱ्या त्याच रोगाचा माग ठेवण्यासाठी होती.