एका चरातील दोन तारा

रायपूरच्या आमच्या कार्यालयात इंटरनेटच्या दोन जोडण्या आहेत, दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या. 'पर्यायी मार्ग आवश्यक' असे टिपणीत मीच लिहिले होते. रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एकाच दुपारी बंद पडल्या, तेव्हा उमगले की दोन्ही तारा एकाच चरातून येतात. देयके मात्र दोन होती.

हा प्रश्न इंटरनेटहून बराच जुना आहे. १८६५ मध्ये इराणच्या आखातातील केबल आणि तुर्कस्तानच्या तारा यांच्याद्वारे भारत इंग्लंडशी जोडला गेला. पण संदेशाला दिवसच्या दिवस लागत आणि वाटेत मजकुराची मोडतोड होई. १८७० च्या जानेवारीत सीमेन्स बंधूंची तेहरान-बर्लिनमार्गे जाणारी तार सुरू झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सुएझ-एडनमार्गे आलेल्या समुद्री केबलने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. आता वाटा तीन झाल्या, आणि कोणत्या वाटेने जायचे ते पाठवणारा संदेशावर लिहून देई. प्रारंभीच्या चढाओढीनंतर त्या दशकाच्या अखेरीस वाहकांनी उत्पन्न एकत्र करून ठरावीक प्रमाणात वाटून घेण्याचा करार केला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात मक्तेदारीचा वास येईल, आणि तो रास्तच आहे. परंतु एक तार तुटल्यास संदेश दुसरीकडे वळवण्यात कोणाचे फारसे नुकसान राहिले नाही, हेही खरे.

आज ही निवड राउटर करतो. स्वायत्त जाळ्यांमधले मार्ग ठरवणारा बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल १९८९ मध्ये भोजनाच्या वेळी कागदी रुमालांवर आखला गेला. अमुक ठिकाणी पोचता येते एवढे तो सांगतो. रस्ता किती भरलेला आहे, हे सांगत नाही. शिवाय बाहेर जाणारी वाहतूक आपण वाटू शकतो, आत येणारी मात्र बव्हंशी इतरांच्या निर्णयावर अवलंबून असते.

३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या. मालक वेगळे, समुद्रतळाचा पट्टा एकच! भारताची पश्चिमेकडील निम्म्याहून अधिक क्षमता गेली, आणि वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वळवावी लागली. ज्यांनी पूर्वेकडची क्षमता आधीच घेऊन ठेवली होती, ते लवकर सावरले.

नव्या निविदेत मी एक अट घातली: प्रत्येक जोडणीच्या भौतिक मार्गाचा नकाशा जोडावा. एका कंपनीने लेखी कळवले आहे, की नकाशा गोपनीय आहे.